तारवटी मुलगा कुठे लिहायचा?

२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन माहिती लिहून घेणारी, होते. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या मांद्रे गावचा एक भाग माझ्याकडे आला होता. तेव्हा मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. मामलेदार कचेरीतून शाळेत नेमणुकीचा कागद आला, की सकाळी वर्ग आणि दुपारनंतर घरोघर, असं ते काम चाले. आता २०२७ च्या जनगणनेची वेळ आली आहे. या खेपेला कागदाऐवजी मोबाईल ॲप आहे, घरबसल्या स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय आहे. वाड्यावरची माणसं मला विचारतात, बाई, तुम्ही केलंय ना हे काम, मग सांगा, एवढं सगळं कशाला विचारतात आणि ते जातं कुठे? त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, ते इथे सलग लिहिते आहे. तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्या मुलाचं नाव कुठे लिहायचं, हाही त्यातलाच एक प्रश्न.

आधी एक गोष्ट. जनगणना दोन फेऱ्यांत होते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. पहिली फेरी घरांची, तिला घरयादी म्हणतात. भिंती कशाच्या, छप्पर कौलारू की स्लॅबचं, पाणी विहिरीचं की नळाचं, चूल की गॅस, घरात टीव्ही आहे का, दुचाकी आहे का. ती २०१० मध्ये झाली. दुसरी फेरी माणसांची, ९ ते २८ फेब्रुवारी २०११. प्रत्येक माणसामागे २९ प्रश्न. लोकांना वाटायचं, गेल्या वर्षी येऊन सगळं लिहून नेलं, आता परत काय? पहिल्या काही घरांत बसल्या बसल्या मला हेच समजावून सांगावं लागायचं, की मागे आले होते ते घराची माहिती घ्यायला, मी आले आहे ती तुमची.

प्रशिक्षणात आम्हांला सगळ्यांत जास्त वेळ कोष्टकाच्या चौकटी कशा भरायच्या यावर खर्ची घालावा लागला. फॉर्म पुढे यंत्रावर स्कॅन होणार होते आणि संगणक आमचं अक्षर वाचणार होता. त्यामुळे आकडा चौकटीच्या आत, रेघेला न टेकता, नमुन्यात दिलाय तसाच काढायचा. फॉर्मला घडी घालायची नाही, चुरगळू द्यायचा नाही, पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. मी फॉर्म पाठीला पुठ्ठा लावून प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत ठेवायची. कुणी चहा आणला, की आधी पिशवी बंद आणि मग कप हातात.

पण प्रशिक्षकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मला चौकटींपेक्षा मोलाची वाटली. उत्तर हे देणाऱ्याचं असतं, तुमचं नसतं. नीट विचारायचं, समजलं नाही तर फोड करून विचारायचं, पण शेवटी समोरचा सांगेल तेच लिहायचं. तुम्हांला काय वाटतं याला रकाना नाही.

माझ्या ब्लॉकचा, म्हणजे मला नेमून दिलेल्या भागाचा, नकाशा घरयादीच्या वेळीच काढलेला होता. पक्कं घर चौकोन, कच्चं घर त्रिकोण, आणि जिथे कुणी राहत नाही, दुकान, शाळा, देऊळ वगैरे, त्याला आत तिरप्या रेघा. तो घेऊन मी आधी नुसतीच फिरले. मांद्र्याला एक मुख्य रस्ता आणि त्याला फुटलेल्या पाणंदी. पाणंद माडांतून जाते आणि एका घराच्या मागच्या अंगणात निघते. नकाशावर शेजारी दिसणारी दोन घरं चालताना कुंपणाला वळसा घालून जावं लागतं इतकी लांब. समुद्राकडच्या बाजूला नव्या खोल्या उठल्या होत्या, एका ओळीत, एकाच आकाराच्या. नकाशात त्या होत्या, पण किती कुटुंबं राहतात ते दार ठोठावल्याशिवाय कळत नव्हतं.

आणि बंद घरं. त्यांचं काय सांगू! कुलूप, अंगणात पडलेल्या झावळ्या, तुळशीवृंदावनात सुकलेली काडी. घरयादीचे आकडे पुढे प्रसिद्ध झाले तेव्हा देशातल्या ३३ कोटींहून जास्त घरांपैकी सुमारे अडीच कोटी रिकामी निघाली होती. गोव्यात तर साधारण पाचातलं एक. मालक मुंबईत, आखातात, लंडनला. काही घरं वाटणीच्या दाव्यात अडकलेली. मला आकडा वाचून नवल वाटलं नाही, मी ती कुलपं पाहिली होती.

भाडेकरूंची भीती

लोक माहिती द्यायला कचरत नाहीत, असं मी म्हणणार नाही. कचरतात, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्याला कारण असतं. एका घरमालकाने मागच्या खोल्या बांधकामावरच्या मजुरांना दिल्या होत्या. मी वहीवर बोट ठेवून म्हटलं, काका, घरयादीत इथे पाच दारं दाखवली आहेत. ते म्हणाले, ती गोदामं आहेत. आणि त्याच वेळी मागून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं.

मी त्यांना खोटं पाडायला गेले नाही. जनगणनेचा कायदा १९४८ सालचा आहे, त्यातलं १५ वं कलम मी त्यांना माझ्या भाषेत सांगितलं. या कागदावर जे लिहिलं जाईल ते कुणालाही बघायचा हक्क नाही. पंचायतीला नाही, पोलिसांना नाही, घरपट्टीवाल्यांना नाही. कोर्टात दावा चालला तरी तुमचा हा फॉर्म पुरावा म्हणून पुढे आणता येत नाही. अपवाद एकच, याच कायद्याखाली खटला भरला गेला तर. मी ही माहिती बाहेर फोडली तर शिक्षा मला आहे. तुम्ही उत्तर द्यायला बांधलेले आहात, आणि मी तोंड बंद ठेवायला बांधलेली आहे.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच उठून मागे गेले आणि त्या माणसांना म्हणाले, बाई विचारतील ते सांगा. त्या खोल्यांत कर्नाटकातल्या गदग आणि विजापूरकडची कुटुंबं होती, एका खोलीत ओडिशाचे चार तरुण. जन्म कुठे झाला, याआधी कुठे राहत होता, इथे किती वर्षं झाली, गाव का सोडलं, हे प्रश्न त्यांना विचारताना मला जाणवलं की फॉर्ममधला हा भाग जणू त्यांच्यासाठीच केलेला आहे. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना त्यातला एक जण म्हणाला, काम नव्हतं. त्या उत्तराचा ठरलेला आकडा, म्हणजे कोड, लिहायला मला क्षणही लागला नाही. त्या चौघांची नावं त्यांच्या गावच्या घरी कुणी लिहिली असती तर ती चूक ठरली असती. ते जिथे राहत होते तिथेच त्यांची गणती व्हायला हवी होती, आणि ती त्या खोलीत, त्यांच्यासमोर झाली.

एका खोलीत रशियन बाई होती, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत राहणारी. तिलाही मोजायचं का, असं मालकीणबाईंनी मला तीनतीनदा विचारलं. मोजायचं. परदेशी वकिलातीतली माणसं आणि त्यांची कुटुंबं सोडली, तर त्या काळात इथे राहणारा माणूस कुठल्या देशाचा आहे हे जनगणना पाहत नाही. तिची मातृभाषा रशियन, जन्मस्थान रशिया. तिने नाव स्वतः सावकाश उच्चारून सांगितलं.

वाचता येतं, लिहिता येत नाही

साक्षरतेचा प्रश्न साधा वाटतो. सात वर्षांच्या आणि त्यावरच्या माणसाला कुठल्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं का, एवढाच. एका घरात आजी होत्या, ऐंशीच्या घरातल्या. रोज संध्याकाळी पोथी वाचतात, माझ्यासमोर त्यांनी दोन ओव्या वाचून दाखवल्या, अर्थ सांगितला. लिहिता येत नाही. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, वडिलांच्या शेजारी बसून अक्षर ओळखायला शिकल्या. नियमाप्रमाणे नुसतं वाचता येणारा माणूस साक्षर धरत नाहीत. मला तो कोड लिहिताना वाईट वाटलं, आजही वाटतं. त्याच पाणंदीवर पुढे एका ख्रिस्ती घरात म्हातारे गृहस्थ होते, ते पोर्तुगीज शाळेत शिकलेले. मराठी-इंग्रजी काही नाही, पण पोर्तुगीज पत्र आजही लिहीत होते. ते साक्षर.

याच आजींनी यजमानांचं नाव सांगितलं नाही. मी आग्रह धरला नाही. कायद्यातच तशी मुभा आहे, रूढीने ज्याचं नाव घेणं वर्ज्य आहे ते नाव बाईने सांगावं अशी सक्ती करता येत नाही, नवऱ्याचं आणि वारलेल्या नवऱ्याचंसुद्धा. १९४८ साली हे लिहिणाऱ्यांनी आपल्या घरातल्या बायका पाहिल्या असणार. नातवाने नाव सांगितलं आणि आजींनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

'घरीच असते'

सगळ्यांत जास्त दम लागला तो कामाच्या प्रश्नाला. पुरुष पटकन सांगतात, रेंदेर (माडाची सूर काढणारा), मोटारसायकल पायलट (दुचाकीवरून भाडं नेणारा), पर्यटकांच्या हॉटेलात, बँकेत, सरकारी. आणि घरातली बाई काय करते असं विचारलं, की तोच पुरुष सांगतो, काही नाही, घरीच असते. बाई आत असते, तिलाही तेच वाटत असतं.

अशाच एका घरी मी ओट्यावर बसले होते. वहिनींच्या समोर सुपात लाल मिरच्या वाळत घातलेल्या, बाजूला दोन गाई, कोपऱ्यात अळसांद्याच्या (चवळीच्या) शेंगांचा ढीग. मी त्यांना विचारलं, वहिनी, या मिरच्या कुणी लावल्या? मीच. पाणी कोण घालतं? मीच. बाजारात कोण नेतं? शुक्रवारी म्हापशाला मीच घेऊन जाते. गाईचं दूध? घरी लागतं तेवढं ठेवते, उरलं तर शेजारी देते. मग मी त्यांच्या यजमानांकडे वळून म्हटलं, दादा, याला जनगणनेत काम म्हणतात. मोबदला मिळो न मिळो. घरी खायला पिकवलं तरी शेती ती शेतीच. घरच्यासाठी गाय दुभली तरी ते काम.

मग दुसरा भाग, वर्षातले किती महिने. सहा महिने किंवा जास्त असेल तर मुख्य काम करणारी, कमी असेल तर सीमांतिक, आणि २०११ मध्ये त्यातही तीन महिन्यांच्या आतलं आणि वरचं वेगळं लिहायचं होतं. वहिनी बोटांवर महिने मोजायला लागल्या. पावसाळ्यात भात, मग वायंगणाचं भात, मग मिरची. मोजता मोजता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, बाई, मग मी रिकामी कधी असते? यजमान काही बोलले नाहीत. मी वहिनींना शेतकरी म्हणून लिहिलं, मुख्य काम करणारी.

हे मी मुद्दाम लांबवून सांगते आहे, कारण हा प्रश्न पुरुषाला विचारून पुढे सरकलं तर त्या रकान्यात बाई दिसणारच नाही. मग तालुक्याच्या तक्त्यात शेतकरी बायका कमी, आणि पुढे कुणी तो तक्ता घेऊन योजना आखली तर त्यातही कमी. प्रगणकाने ओट्यावर पाच मिनिटं जास्त बसणं एवढ्यावर ते अवलंबून असतं.

शेतीच्या व्याख्येत गोव्याला बुचकळ्यात टाकणारी एक जागाही आहे. चहा, कॉफी, रबर यांच्याबरोबर नारळ आणि सुपारी यांची लागवड जनगणनेत 'शेतकरी' या सदरात येत नाही, ती इतर कामात जाते. माडांच्या भाटावर जन्म घालवलेल्या माणसाला हे सांगणं कठीण. फोंडा-सत्तरीकडे कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, असलेल्या माझ्या ओळखीच्या शिक्षकांना तर हे घरोघर सांगावं लागलं.

दक्षिण गोव्यातल्या केप्यात काम केलेल्या मैत्रिणीला जात-जमातीच्या रकान्यात आणखी वेगळा अनुभव आला. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना गोव्यात २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. अनुसूचित जातीला धर्माची अट आहे, हिंदू, शीख किंवा बौद्ध. जमातीला धर्माची अट नाही. तिकडच्या ख्रिस्ती गावडा घरांत लोक म्हणायचे, आम्ही किरिस्तांव, आम्हांला जमात कसली? ती त्यांना नियम सांगायची, आणि मग ते काय म्हणतात ते लिहायची.

मातृभाषा

गोव्यात या रकान्यावर काय काय बोललं जातं ते गोंयकाराला सांगायला नको. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा वापर शासकीय कामासाठी करता येईल अशी तरतूद झाली. त्याआधीचा वाद ज्यांनी पाहिला ते अजून त्यावर आवाज चढवतात. मी मराठी शाळेतली बाई. माझी भक्ती, माझं वाचन, माझं पत्र मराठीत. लोकांना वाटायचं, ही मराठीच लिहिणार.

सूचना मात्र स्पष्ट होती. मातृभाषा म्हणजे त्या माणसाच्या लहानपणी त्याची आई त्याच्याशी ज्या भाषेत बोलत होती ती. आई लवकर गेली असेल तर घरात प्रामुख्याने बोलली जाणारी. भाषा की बोली, हा निवाडा प्रगणकाने करायचा नाही. आणि एका घरातल्या सगळ्यांची मातृभाषा एकच असावी असं बंधन नाही, म्हणून प्रत्येकाची वेगळी विचारायची.

एका घरात वडीलधारे गृहस्थ म्हणाले, सगळ्यांची मराठी लिहा. मी म्हटलं, आबा, तुमची लिहिते, बाकीच्यांना विचारते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, माझी आई आमच्याशी कोकणीच बोलायची, कोकणी लिहा. सून कुडाळची, ती म्हणाली, मालवणी. मुलगा जरा थांबला, आईकडे पाहिलं, मग म्हणाला, कोकणी. एका घरात तीन उत्तरं झाली आणि तिन्ही खरी. मी तिन्ही लिहिली. मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा लिहायला जागा असते. आबांच्या तिथे कोकणी आणि हिंदी आली, मुलाच्या तिथे मराठी आणि हिंदी. आबा आधी नाराज झाले, पण दुसरा रकाना पाहून म्हणाले, म्हणजे मराठी कुठेतरी राहिली. मी म्हटलं, जिथे आहे तिथे ती राहिलीच.

पुढे या उत्तरांचं काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. २०११ मध्ये देशभरातून मातृभाषा म्हणून १९,५६९ वेगवेगळी नावं आली. तज्ज्ञांनी ती छाननी करून १,३६९ मातृभाषांत बसवली, आणि त्या पुढे १२१ भाषांच्या गटांत घातल्या. त्या गटवारीत मालवणी कोकणीखाली येते. म्हणजे कुडाळच्या त्या सुनेने सांगितलेलं मालवणी फॉर्मवर मालवणीच राहिलं, आणि राज्याच्या तक्त्यात कोकणीच्या बेरजेत गेलं. भाषेचे तक्ते २०१८ मध्ये आले. गोव्यात मातृभाषा कोकणी सांगणारे ६६.११ टक्के, मराठी १०.८९ टक्के, म्हणजे १,५८,७८७ माणसं, आणि हिंदी १० टक्क्यांच्या थोडं वर. हे आकडे घेऊन दोन्ही बाजूंनी भांडताना मी ऐकते, तेव्हा मला म्हणावंसं वाटतं, की हा आकडा 'मराठी कोण वाचतं, कोण लिहितं' याचा नाही. आई कुठल्या भाषेत बोलत होती याचा आहे. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्यासाठी वापरू नये.

तारवटी

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते. आमच्या बाजूला तारवटी घरं पुष्कळ. मुलगा बोटीवर, नऊ-दहा महिने समुद्रात, मग दोन-तीन महिने घरी. एका घरी आई आणि सून अशा दोघीच. मी फॉर्म काढला. आईंनी पहिलं नाव मुलाचं सांगितलं.

मी विचारलं, तो आता कुठे आहे? बोटीवर. कधी गेला? डिसेंबरात. कधी येणार? पावसाच्या तोंडावर.

नियम असा होता. ९ ते २८ फेब्रुवारी या काळात जो सबंध वेळ घरी होता, तो त्या घरात. जो यातले काही दिवस तरी घरी होता, किंवा आता नाही पण २८ तारखेच्या आत येणार आहे, तोही त्या घरात. जो सबंध काळ घराबाहेर आहे त्याला त्या घरी लिहायचं नाही. तो ज्या ठिकाणी असेल तिथे त्याची गणती होईल. मुलगा तर देशाबाहेरच्या समुद्रात होता. त्याची गणती आमच्याकडे कुठेच होणार नव्हती.

मी हे सांगितलं, तेव्हा त्या माउलीचा चेहरा उतरला. आत गेल्या, रेशनकार्ड आणलं, मतदार ओळखपत्र आणलं, माझ्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, "बाये, हें घर ताणें बांदलां." हे घर त्याने बांधलंय. त्याच्या पैशातलं कौल, त्याच्या पैशातली विहीर, आणि त्याचंच नाव यात नाही?

मी त्यांचे हात धरले. म्हटलं, काकी, रेशनकार्डावर त्याचं नाव आहे, मतदारयादीत आहे, तिथून ते कुणी काढत नाही. हा कागद हक्काचा नाही. या महिन्यात या देशात कोण माणूस कुठे आहे, एवढंच हा कागद विचारतो. सरकारला इथे दवाखान्यात किती माणसं येतील, शाळेत किती मुलं येतील ते कळायला हवं. तुम्ही दोघी इथे आहात, म्हणून तुम्ही इथे. कुटुंबप्रमुख म्हणून मी तुमचं नाव लिहिते. त्या गप्प झाल्या. सुनेने विचारलं, मग मागे कर्नाटकचे लोक राहतात ते मोजले? मी म्हटलं, हो, ते इथे आहेत.

तिने पुढे काही विचारलं नाही, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. परप्रांतीय वाढले असं आमच्याकडे सर्रास म्हटलं जातं. आमची कितीतरी मुलं बोटीवर, आखातात, पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमध्ये. ती तिथल्या गणतीत येतात आणि इथे ओडिशाचा, गदगचा माणूस येतो. नियम दोघांना एकच लागतो. मला तो नियम तेव्हा कठोर वाटला आणि तरीही बरोबर वाटला, आजही तसंच वाटतं. प्रत्येक घराने दूर गेलेल्यांची नावं घातली असती, तर एकच माणूस दोनदोन ठिकाणी लागला असता आणि आकड्यावर विश्वास ठेवायला जागा उरली नसती. त्या आईला मात्र मी हे असं सांगू शकले नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.

२८ फेब्रुवारीची रात्र

ज्यांना घर नाही त्यांची गणती एका रात्रीत होते, २८ फेब्रुवारीच्या. माझ्या भागात अशी माणसं थोडीच. पर्यवेक्षक बरोबर होते, हातात बॅटरी. बंद दुकानाच्या पुढ्यात मण्यांच्या माळा विकणारं एक कुटुंब झोपलं होतं, माळांचं गाठोडं उशाला. बाई जागी झाली, तिने घाबरून मुलाला पोटाशी घेतलं. मी बॅटरी माझ्या तोंडावर धरली, म्हणजे तिला दिसावं की ही बाई आहे. मग तिने नावं सांगितली, मुलाचं वय सांगितलं. जन्मतारीख ठाऊक नव्हती, होळीच्या आसपास म्हणाली.

जनगणनेचा क्षण १ मार्चचे ००.०० वाजता धरलेला होता. म्हणून १ ते ५ मार्च आम्ही पुन्हा प्रत्येक दारात गेलो. मधल्या काळात कुणी जन्मलं का, कुणी गेलं का, कुणी नवं राहायला आलं का. एका घरी १२ तारखेला मी ज्या आजोबांची माहिती घेतली होती, तेच मला उसाचा रस पाजून सगळ्यांची नावं सांगत होते, ते २६ तारखेला वारले. मी त्यांच्या ओळीवर रेघ मारली. त्यांचा मुलगा शेजारी बसून पाहत होता. त्याने विचारलं, पूर्ण काढायलाच हवं का? मी म्हटलं, हो दादा. दुसऱ्या घरी १ मार्चला पहाटे मुलगी झाली होती. ती या जनगणनेत नाही. तिच्या आजीला मी म्हटलं, पुढच्या खेपेला पहिलं नाव हिचं. ती मुलगी आता पंधरा वर्षांची झाली, आणि तिची पहिली गणती २०२७ ची असेल.

त्यानंतर राहिला गोषवारा. प्रत्येक ब्लॉकचे पुरुष किती, बायका किती, सहा वर्षांपर्यंतची मुलं किती, साक्षर किती, हे फॉर्मवरून मोजून हाताने एका कागदावर भरायचं आणि पर्यवेक्षकांकडे द्यायचं. एका पर्यवेक्षकाकडे साधारण सहा प्रगणक. आमचे गोषवारे तालुक्याला, तिथून राज्याला, राज्यातून दिल्लीला गेले आणि ३१ मार्च २०११ ला देशाची तात्पुरती लोकसंख्या जाहीर झाली. गोव्याची १४,५७,७२३. फॉर्म मात्र मोहरबंद होऊन वेगळे गेले, स्कॅन झाले, संगणकाने अक्षरं वाचली, जिथे वाचता आली नाहीत तिथे माणसाने पडद्यावर पाहून भरली, मग व्यवसायाला, भाषेला, जन्मस्थानाला कोड लागले. अंतिम आकडा आला १४,५८,५४५. हाताच्या बेरजेत आणि यंत्राच्या मोजणीत सबंध राज्यात ८२२ माणसांचा फरक. हा आकडा पाहिला तेव्हा मला गोव्यातल्या सगळ्या प्राथमिक शिक्षकांचा अभिमान वाटला.

काही माणसं तरीही सुटतात. जनगणनेनंतर नमुना घेऊन पुन्हा तपासणी होते, त्यात २०११ ला देशात दर हजारी २३ माणसं गणतीतून राहिल्याचं दिसलं. आमच्यासारख्या भागात ती बहुधा मागच्या खोल्यांत, हॉटेलच्या कामगारांच्या खोपटांत असणार, असं मला वाटतं.

२०२७ च्या गणतीचा क्षण १ मार्च २०२७ चा आहे. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच जनगणनेत सगळ्या जातींची नोंद होणार आहे. असं याआधी १९३१ मध्ये झालं होतं. ज्यांच्या घरी आता मुलगी किंवा सून प्रगणक म्हणून जाणार आहे त्यांना मी एवढंच सांगते. ॲपमध्ये पर्याय निवडायचा असला तरी प्रश्न तोंडाने पूर्ण विचार. घरातल्या बाईला तिच्या कामाचं तिलाच विचार, मातृभाषा प्रत्येकाची वेगळी विचार. आणि ज्या घरी स्वतः माहिती भरणार आहात, तिथे मागच्या खोलीतल्या भाडेकरूला सांगा की त्याने त्याच्या कुटुंबाची वेगळी भरावी, आणि बोटीवरच्या मुलाचं नाव भरण्याआधी तो त्या फेब्रुवारीत घरी असणार आहे का ते पाहा.